एक टन, अडतीस मिनिटं

बायको गेल्यानंतर पाचव्या महिन्यात मिस्त्रीने लेकीशी पैज लावली आणि पैजेवर स्वतःचं राहतं घर लावलं. शहाण्या माणसाने असं करू नये. पण मिस्त्रीला शहाणा कोणी म्हटलंच नव्हतं. जी एकटी म्हणू शकली असती तिने सदतीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही, आणि आता तीही आशा संपली होती.

मिस्त्री म्हणजे लिफ्टमिस्त्री. चाळीस वर्षं त्याने लिफ्ट बसवल्या, दुरुस्त केल्या, मध्येच अडकलेली माणसं बाहेर काढली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी इमारतीत त्याला नावाने कोणी ओळखत नव्हतं. तो राहायचा आठव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. बांधणाऱ्याने लिफ्टचे दोन शाफ्ट ठेवले होते, लिफ्ट मात्र एकच आणली. दुसरा शाफ्ट तळापासून गच्चीपर्यंत रिकामा. त्यात कबुतरं राहायची आणि वर्षातून दोनदा कुणाची तरी चप्पल पडायची.

लेक चार तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावी होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. "बाबा, जेवलात?" मिस्त्री म्हणायचा, "जेवलो. भाजी केली होती." भाजी म्हणजे उकडलेली अंडी. एकदा त्याने कुकर लावायचं मनावर घेतलं, पण वाफ काही धरेना. चाळीस वर्षं मशीन उघडणाऱ्या या माणसाने कुकरची रबरी रिंग अख्ख्या स्वयंपाकघरात शोधली. ती झाकणातच होती. उलटी बसली होती, एवढंच.

मग एक दिवस लेक न सांगता आली. तिने मोरी बघितली, फ्रिज उघडून बघितला, एका खुर्चीवर साठलेला कपड्यांचा ढीग बघितला आणि बापासमोर बसली.

"बाबा, आता पुरे. आमच्याकडे चला. एक खोली रिकामीच आहे. इथे तुमचं काय राहिलंय?"

"काम राहिलंय."

"कसलं?"

इथे घोडं पेंड खात होतं, कारण काम काहीच नव्हतं. पण त्याच सकाळी न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्याने पेपर वाचला होता. दूर कुठेतरी लोक उन्हाच्या विजेवर दिवसा भली मोठी वजनं वर उचलून ठेवतात आणि अंधार पडला की हळूहळू खाली सोडतात. उतरता उतरता ती वजनं डायनामो फिरवतात आणि वीज परत मिळते. मिस्त्रीने पेपर खाली ठेवला आणि न्हाव्याला म्हणाला, "हे तर आमचंच काम की!" न्हावी म्हणाला, "मान सरळ."

"दुसऱ्या शाफ्टमध्ये वजन बसवतोय," तो लेकीला म्हणाला. हे त्यालाही तेव्हाच कळत होतं. "दुपारी गच्चीवरच्या सोलरने वर न्यायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. सात ते आठ वीज जाते ना, तेवढा तासभर जिन्यात दिवे लागतील. आठही मजल्यांवर."

लेक उठून खुर्चीवरच्या कपड्यांच्या घड्या करू लागली. "ठीक आहे. महिनाभराने मी येते. तासभर दिवे लागले तर पुन्हा विषय काढणार नाही. नाही लागले तर बॅग भरायची. कबूल?"

"कबूल," मिस्त्री म्हणाला. वीरश्री अंगात आलेला माणूस किती मूर्ख दिसतो हे त्याला समोरच्या कपाटाच्या आरशात दिसत होतं.

जिन्याचंच का सुचलं, ते त्याने लेकीला सांगितलं नाही. बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. सव्वासातला परतायची, नेमकी वीज गेलेल्या वेळी. लिफ्ट बंद. मग दुखरे गुडघे घेऊन, कठड्याला धरून, पायऱ्या मोजत आठ मजले चढायची. बॅटरीवरचे दिवे दोनदा लावून झाले होते. पहिल्या बॅटऱ्या फुगल्या, दुसऱ्या चोरीला गेल्या, मग समितीने नाद सोडला. ती अकरा वर्षं म्हणत होती, "अहो, जिन्यात उजेड होईल असं काहीतरी करा ना." आणि तो म्हणायचा, "मी लिफ्टवाला. जिना माझ्या खात्यात येत नाही." लोक हसायचे म्हणून हे वाक्य त्याने चारचौघांत शंभरदा तरी म्हटलं असेल. आता ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटे. बरं, ती जिन्यात पडून गेली असंही नाही. यकृताच्या आजाराने तीन आठवड्यांत गेली. म्हणजे स्वतःला दोष द्यायचा, तर त्याचीही धड सोय नव्हती.

सेक्रेटरीने परवानगी दिली. "कबुतरांचं मात्र तुम्ही बघा," म्हणाला. जुन्या कंपनीच्या गोदामात मोडीत निघालेल्या लिफ्टच्या बिडाच्या लाद्या पडून होत्या, पंचवीस पंचवीस किलोच्या. गोदामाचा फोरमन ओळखीचा. एकोणऐंशी लाद्या टेम्पोतून आल्या. जुनी मोटार, दात्यांची चाकं, लोखंडी दोर, एक डायनामो, सगळं जमलं. मिस्त्री सकाळी सातला शाफ्टमध्ये शिरायचा तो अंधार पडल्यावर बाहेर यायचा. जेवायचं विसरायचा आणि त्याचं खापर कामावर फोडायचा. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला रात्री झोप लागू लागली.

पंचविसाव्या दिवशी त्याने वजन पहिल्यांदा वर नेलं. एका चौकटीत चाळीस लाद्या, म्हणजे एक टन. आणि काय सांगावं! ते टनभर लोखंड कापसासारखं वर गेलं. मोटारीने हूं की चूं केलं नाही. विजेचा काटा जेमतेम हलला. मिस्त्रीने खाली येऊन दिसेल त्याला धरून सांगितलं.

"एक टन! आठ मजले! आणि वीज किती खाल्ली? शिलाई मशीन खाईल तेवढी!"

सहाव्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, "माझं मशीन पायाचं आहे."

"तेच म्हणतोय मी!"

वजन खाली सोडून मात्र त्याने बघितलं नाही. चढण्याची परीक्षा घ्यायची असते. पडण्याची काय घ्यायची? लोखंडाला खाली यायला शिकवावं लागतं का?

ठरल्या रविवारी लेक आली. पावणेसातला सगळी इमारत जिन्यात जमली. म्हातारे पायऱ्यांवर टेकले, पोरं कठड्याला लोंबकळली. सेक्रेटरीने दोन शब्द बोलण्याचा प्रयत्न केला, पण ते दुसऱ्या मजल्याच्या वर कोणाला ऐकू गेले नाहीत. लेक तळमजल्यावर शाफ्टच्या दारात मोबाइलचं घड्याळ लावून उभी. मिस्त्री गच्चीवरच्या मशीन रूममध्ये, इस्त्रीचा शर्ट घालून, हात ब्रेकवर.

सात वाजले. वीज गेली. जिना काळाकुट्ट झाला. मिस्त्रीने ब्रेक सोडला.

काहीही झालं नाही.

"बाबा, सोडा ना!" शाफ्टच्या तळातून लेकीचा आवाज आला.

"सोडलंय!"

"मग येत का नाही?"

हाच प्रश्न मिस्त्रीलाही पडला होता. त्याने टॉर्च मारला. एक टन लोखंड जागच्या जागी लटकत होतं, शांत, जेवण झालेल्या माणसासारखं. त्याने पायाने जरा ढकललं. ते वीतभर खाली गेलं आणि पुन्हा थांबलं.

जिन्यातून आवाज येऊ लागले. "लागले का हो?" "काय लागलं?" "दिवे!" "तुला दिसतायत का?" "मला तूच दिसत नाहीस." कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मग एकेक दार वाजलं आणि लोक चाचपडत घरी गेले.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मास्तरीणबाई राहायच्या. शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्या टॉर्च घेऊन, धापा टाकत गच्चीपर्यंत चढून आल्या, लेक त्यांच्या मागोमाग. बाईंनी शाफ्टमध्ये डोकावून बघितलं. दोर मोठ्या चाकावरून गेला होता. एका टोकाला चाळीस लाद्या, दुसऱ्या टोकाला, खाली तळाशी, एकोणचाळीस.

"मिस्त्री, ते पलीकडचं काय आहे?"

"काउंटरवेट. वजनाला वजन. त्याशिवाय लिफ्ट चालते का? मोटारीला सगळा भार उचलावा लागेल मग."

"अहो, पण भार उचलायचाच तर होता!"

मिस्त्रीने टॉर्च चाळीस लाद्यांवर मारला, मग खाली एकोणचाळीसवर.

"तराजूची दोन्ही पारडी सारखी केलीत तुम्ही," बाई म्हणाल्या. "वर नेताना कष्ट पडले नाहीत, हे आठवडाभर तुम्हीच सांगत फिरलात. जे घातलंच नाही ते परत कुठून मिळणार? कष्टच साठवायचे होते, मिस्त्री. तुम्ही नेमके तेच वाचवलेत."

समजायला सोपं होतं. चौथीच्या पोराला समजलं असतं. पण मिस्त्रीने चाळीस वर्षांत एकाही दोराचं दुसरं टोक मोकळं सोडलं नव्हतं. हातांनी आपणहून लाद्या लावल्या, डोक्याला विचारलंसुद्धा नाही. आणि गंमत म्हणजे लिफ्ट म्हणून बघितलं तर हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात सुरेख काम होतं. एवढा नेमका तोल त्याला पगारी नोकरीत कधी साधला नव्हता.

"आणखी एक सांगते, रागावू नका," बाई म्हणाल्या. "हे सगळं नीट चाललं असतं, तरी तुमच्या त्या टनभर लोखंडात मावणार किती? तुमच्या लेकीच्या लॅपटॉपच्या बॅटरीत मावते तेवढी वीज."

"लॅपटॉपच्या?" मिस्त्री म्हणाला. "तो केवढासा!"

"तेवढ्यातच."

बाई गेल्या. मिस्त्री उलट्या बादलीवर बसला. खाली तळाशी ते दुसऱ्या टोकाचं वजन अंधारात लटकत होतं. त्याला वाटलं, आपला संसारही असाच वर गेला. लेकीचं शिक्षण, आपल्या आईचं आजारपण, हे घर, आणि आपल्याला कधी काही जड म्हणून लागलं नाही. आपण समजत होतो, मोटार दणकट आहे. चारचौघांत सांगतही होतो. दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण लटकतंय ते वाकून बघायची गरजच पडली नाही.

"बाबा," लेक म्हणाली.

"भरतो बॅग. हरलो."

"पहिला डाव देवाला." ती त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली. "माझी रजा बुधवारपर्यंत आहे. तोवर काय करायचं ते करा."

"तुला कशाला त्रास?"

"मला कसला त्रास? मी बघायला बसणार आहे. अशी करमणूक आमच्या गावात नाही."

पण ती बघत बसली नाही. लहानपणी सुट्टीत तो तिला कामावर न्यायचा तेव्हा ती पाने-पकडी हातात द्यायला उभी राहायची. सोमवारी सकाळी तिने जुना शर्ट चढवला आणि हात पुढे केला, "काय देऊ?" दोघांनी एकोणचाळीस लाद्या एकेक करून कप्पीने उतरवल्या आणि तळमजल्यावर भिंतीशी रचल्या. आता पलीकडे वजन नाही म्हणजे दोर चाकावरून घसरणार. म्हणून चाक काढून ढोल बसवला, दोर त्यावर गुंडाळला. मंगळवारी दुपारी मोटार सुरू केली तेव्हा ती अशी कण्हायला लागली, की शिंपी धावत वर आला.

"काय झालं? काय मोडलं?"

"काही नाही. काम करतेय," मिस्त्री म्हणाला. "पहिल्यांदाच."

दोन तास ती कण्हत होती. गोगलगायीच्या चालीने वजन वर आलं. दोघं गच्चीच्या सावलीत बसले. लेकीने डबा उघडला.

"बाबा, खरं सांगा. भाजी करता?"

"नाही."

"मग काय खाता?"

"अंडी."

"रोज?"

"रविवारी दोन."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मिस्त्रीने दुसरीकडे बघत पाना पुसला. पाना स्वच्छच होता. "आई फोनवर मला सांगायची," ती म्हणाली, "यांना जगातलं कुठलंही मशीन दे, उघडतील. फक्त घरातलं नको."

"असं म्हणायची?"

"दर आठवड्याला."

संध्याकाळी सातला वीज गेली. या वेळी जिन्यात कोणी जमलं नव्हतं. एकदा फसलेला तमाशा बघायला कोण येतो? मिस्त्रीने ब्रेक सोडला. ढोल हलला. दात्यांच्या चाकांनी कटकट सुरू केली, डायनामोने सूर धरला, आणि आठव्या मजल्यावरचा दिवा आधी लालसर, मग पिवळा, मग पांढरा झाला. त्याच्या खालचा. त्याच्याही खालचा. दारं उघडली. कोणीतरी "अरे!" म्हटलं. एक बाई दोन पिशव्या घेऊन पाचव्या मजल्यापर्यंत चढली आणि वर तोंड करून म्हणाली, "मिस्त्री, जीते रहो!" मिस्त्रीचा ऊर भरून आला. तो अडतीस मिनिटं भरलेला राहिला.

एकोणचाळिसाव्या मिनिटाला वजन तळाला टेकलं आणि सगळे दिवे एकदम गेले.

घर्षणाने आपला वाटा कापून घेतला होता, आणि मिस्त्रीने हिशेबात तो धरला नव्हता. तो जिना उतरून तळमजल्यावर आला. लेक घड्याळ धरून उभी होती.

"अडतीस," ती म्हणाली.

"पैज तासाची होती. आता देवाचा डावही संपला." त्याने हात पँटला पुसले. "उद्या निघू. निळी बॅग घेतो, तिची चेन धड आहे."

टॉर्चच्या उजेडात लेक भिंतीशी रचलेल्या लाद्या बघत होती.

"बाबा, यांचं काय करायचं?"

"भंगारात जातील. आता काय उपयोग त्यांचा?"

"नाही, म्हणजे..." ती थांबली. पुढे बोलावं की नाही असा तिचा चेहरा झाला. महिनाभर तिने घरी ती रिकामी खोली झाडून ठेवली होती, नवीन पलंग आणला होता. जावयाने तसं फोनवर मिस्त्रीला सांगितलं होतं. "म्हणजे, पलीकडून काढल्या त्या अलीकडे का नाही टाकत?"

मिस्त्रीने लाद्यांकडे बघितलं. मग लेकीकडे. मग पुन्हा लाद्यांकडे. दोन दिवस तो त्यांना ठेचकाळत होता.

"तुळईला झेपेल," तो हळूच म्हणाला. "रविवारी दोन्हीकडचं मिळून तेवढंच होतं. दोरही चौपट धरतो."

"मला काय त्यातलं कळतं?" लेक म्हणाली. "मी काही बोलले नाही. मी घड्याळवाली."

बुधवारी सकाळी त्यांनी चढवल्या. चौकटीत अजून सव्वीसच बसल्या. वजन सावकाश उतरावं म्हणून मिस्त्रीने दात्यांचं एक चाक बदललं. दुपारी मोटार साडेतीन तास कण्हली. लेकीने बॅग भरून दाराशी ठेवली, स्वतःची. निळी बॅग माळ्यावरच होती, ती कोणीच काढली नाही. फ्रिजमध्ये तिने चार डबे ठेवले आणि प्रत्येकावर वार लिहिला. तिची बस साडेआठची.

सातला ब्रेक सोडल्यावर मिस्त्रीला मशीन रूममधून हलता येईना. ब्रेकवर हात हवा, स्वयंचलित काही त्याने बसवलंच नव्हतं. लेक दारात आली.

"मी तासभर खाली थांबते. वजन टेकलं की तशीच निघते."

"जिन्याने जा. लिफ्ट बंद आहे."

"दिसतंय मला." ती वाकून त्याच्या पाया पडल्यासारखं करून उगाच त्याच्या बुटाची नाडी ओढून गेली. लहानपणापासूनची खोड.

मिस्त्री चाकांची कटकट ऐकत बसला. तीस झाली. अडतीस झाली. त्याने श्वास धरला आणि सोडला. पन्नास. शिंपी येऊन चहा ठेवून गेला. साठ. वजन अजून खालीच चाललं होतं.

"एक तास तीन मिनिटं!" शाफ्टमधून आवाज आला. "बाबा, ऐकू येतंय का? त्रेसष्ट!"

"हरलीस!" मिस्त्री खाली ओरडला.

"हरले!" ती वर ओरडली. "डबे वाराप्रमाणे खा! उलटेपालटे करू नका!" आणि मग फाटकाचा आवाज आला.

वीज आठलाच परत आली होती. आठही मजल्यांवर ट्यूबलाइट लागल्या होत्या, कोणाकडे तरी टीव्ही चालू झाला होता आणि शेवटची तीन मिनिटं मिस्त्रीचे दिवे कोणाला दिसतही नव्हते.

तो ब्रेक ओढून बसला. पैज जिंकली होती, घर राहिलं होतं. आणि पैज जिंकली म्हणूनच ती गेली होती, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. हे पैज लावतानाच कळायला हवं होतं. पण त्याची अक्कल नेहमी अशीच, सगळं वर नेऊन झालं की मग उगवायची.

गच्चीच्या कठड्यावरून त्याने खाली बघितलं. लेक रस्त्याच्या कडेने बॅग ओढत चालली होती. वळणावर ती थांबली, तिने वर बघितलं आणि हात केला. मिस्त्रीनेही केला. मग तो घरात आला, फ्रिज उघडला, बुधवारचा डबा शोधला. बुधवारचा नव्हताच. डबे गुरुवारपासून होते. बुधवारचं ताट तिने टेबलावर झाकून ठेवलं होतं. तो बसला आणि सावकाश, काही न टाकता, सगळं जेवला.